एक इंजिन, तीन दर्जे : आगगाडीच्या डब्यांतील प्रतवारीची कहाणी

१/
१७ सप्टेंबर २०२५. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या दिवशी बीडहून अहिल्यानगरकडे प्रवासी गाडी निघाली आणि अनेक पिढ्यांची प्रतीक्षा संपली. वाटेतले रायमोहा हे गाव शिरूर कासार तालुक्यातले. सिंदफणेच्या खोऱ्यातील या तालुक्याने आगगाडी आजवर दुसऱ्यांच्या गावी जाऊनच पाहिली होती. या गाडीची एक गोष्ट मात्र बातम्यांच्या गर्दीत फारशी कुणी टिपली नाही : तिच्यात वर्गच नाहीत. पहिला नाही, दुसरा नाही, वातानुकूलित नाही. एक तिकीट, एक बाक.

२/
ही गोष्ट आज साधी वाटते. परंतु भारतीय रेल्वेच्या इतिहासात 'कोणाला कसे बसवायचे' हा प्रश्न रूळ टाकण्याइतकाच जुना आहे. इंजिन एक, रूळ एक, पोहोचण्याची वेळ एक. तरीही प्रवाशांचे तीन, कधी चार दर्जे. हे दर्जे कोणी ठरवले? कशासाठी? आणि खालच्या डब्यातील गैरसोय ही केवळ गरिबीचा परिणाम होती, की तिच्यामागे काही हिशेब होता? आजचा धागा याच प्रश्नाचा.

३/
प्रथम एक भेद स्पष्ट करून घेऊ. शिरूर कासारच्या नावातच कासार आहे. कासाराकडे साध्या काचेची बांगडी असते, नक्षीची असते, लग्नाचा चुडाही असतो. ज्याची जशी ऐपत, तसा माल. ही मालाची प्रतवारी. ती बाजाराइतकीच जुनी आहे व तीत गैर काही नाही. परंतु स्वस्त बांगडी मागणाऱ्या बाईचा हात कासाराने मुद्दाम दुखावला, म्हणजे पुढच्या वेळी ती महागडी बांगडी घेईल, असा डाव कोणी टाकला तर? ती मालाची प्रतवारी राहत नाही. ती माणसाची प्रतवारी होते. रेल्वेची कहाणी या दोहोंच्या सीमेवर घडते.

४/
१६ एप्रिल १८५३. दुपारी साडेतीनच्या सुमारास, २१ तोफांच्या सलामीत, बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी सुटली. १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित पाहुणे, आणि साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने. अंतर ३४ किलोमीटर. गाडी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची, म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या तोंडच्या 'जीआयपी'ची. या उपक्रमामागे उभ्या राहिलेल्या मुंबईकरांत जगन्नाथ शंकरशेट व जमशेटजी जीजीभाई ही नावे अग्रभागी होती.

५/
रेल्वे आखणाऱ्या इंग्रजांपैकी अनेकांना तेव्हा एक शंका होती. हिंदुस्थानातील लोक गरीब, जातिभेदाने विभागलेले, गाव न सोडणारे. ते आगगाडीत बसतील काय? भरवसा होता तो कापूस, धान्य आणि लष्कर यांच्या वाहतुकीवर. प्रत्यक्षात घडले ते उलटेच. लोकांची झुंबड उडाली, आणि ती उडाली तिसऱ्या वर्गात. एकोणिसावे शतक सरेपर्यंत दहा प्रवाशांतील नऊहून अधिक जण सर्वांत खालच्या वर्गाचे असत. ज्या गिऱ्हाइकाविषयी शंका होती, त्याच गिऱ्हाइकाने डबे भरले.

६/
आता व्यवस्था पाहा. पहिल्या वर्गात गाद्या, झोपण्याची सोय, ऐसपैस जागा. दुसऱ्यात त्याहून कमी, तरीही सुखावह. पुढे अनेक मार्गांवर 'इंटर' नावाचा मधला वर्ग आला. कारकून, शिक्षक, पांढरपेशे यांच्यासाठी, तिसऱ्याहून थोडा महाग व थोडा बरा. आणि तळाशी तिसरा : लाकडी फळ्या आणि लोटालोट. काही मार्गांवर तर त्याहीखाली चौथा वर्ग होता. त्यात बसायला बाकच नसत. यात्रा-मेळ्यांच्या दिवसांत माणसांची मालडब्यांतूनही ने-आण होई.

७/
यावर नेहमीचे उत्तर असे : स्वस्त तिकीट, स्वस्त सोय, यात आश्चर्य ते काय? उत्तर अर्धे खरे आहे. कमी भाड्यात गादी परवडत नाही, हे मान्य. पण गर्दी इतकी, पाणी इतके दुर्मिळ, तिकीटखिडकीवरील वागणूक इतकी उर्मट, हे सारे खर्चाच्या हिशेबात बसते काय? येथे आपल्याला मदत करतो तो रेल्वेच्या आरंभकाळातील एक फ्रेंच अभियंता.

८/
त्याचे नाव ज्यूल द्युपुई. रस्ते व पूल बांधणाऱ्या सरकारी खात्यातील हा अभियंता अर्थशास्त्रातही पारंगत होता. फ्रान्समधील काही कंपन्यांच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना तेव्हा छप्पर नसे. ऊन, पाऊस, इंजिनाचा धूर सारे अंगावर. लोक म्हणत, कंपनी कंजूष आहे. १८४९ मध्ये द्युपुईने निराळेच निदान केले. छपराला लागणारे पैसे कंपनीच्या दृष्टीने किरकोळ आहेत, असे तो म्हणाला. खरी भीती वेगळी आहे : तिसरा वर्ग सुसह्य झाला, तर दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणारा प्रवासीही तिसऱ्यात जाऊन बसेल.

९/
हे निदान समजून घेण्यासारखे आहे. गरिबाला छळावे असा कंपनीचा हेतू नाही. तिला धाक घालायचा आहे तो वरच्या गिऱ्हाइकाला. पण तो धाक दिसावा म्हणून भिजायचे मात्र गरिबाने! तिसऱ्या वर्गाची दैना ही दुसऱ्या वर्गाच्या तिकिटाची जाहिरात ठरते. द्युपुईने पुढे हेही दाखवले की याच न्यायाने सर्वांत वर असलेल्या श्रीमंताला गरजेपेक्षाही जास्त चैन पुरवली जाते. तळाच्यांना आवश्यक तेही नाकारायचे आणि शिखरावरच्यांना अनावश्यकही द्यायचे. ग्राहकांचे गट पाडून प्रत्येकाला वेगळी सेवा देण्याच्या आजच्या व्यापारी शास्त्राचे हे फार जुने आणि फार निखळ विश्लेषण आहे.

१०/
इंग्लंडमध्ये हा प्रश्न रक्ताने सुटला. २४ डिसेंबर १८४१ च्या पहाटे, सॉनिंग येथील खोदरस्त्यात ढासळलेल्या मातीवर एक गाडी आदळली. तिसऱ्या वर्गाचे प्रवासी उघड्या, ठेंगण्या कडांच्या डब्यांत होते. त्यांत नाताळासाठी घरी निघालेले बांधकाम मजूर होते. ते बाहेर फेकले गेले. आठ जण जागीच ठार झाले. तीन वर्षांनी, १८४४ मध्ये, पार्लमेंटने कायदा केला : प्रत्येक मार्गावर दिवसातून किमान एक गाडी अशी हवी, की जिच्यात तिसऱ्या वर्गाला छप्पर आणि बसण्यास जागा असेल, वेग ताशी १२ मैलांहून कमी नसेल आणि भाडे मैलाला एक पेनीहून अधिक नसेल.

११/
या कायद्याचे मर्म ध्यानात घ्या. त्याने वर्ग रद्द केले नाहीत. पहिल्या वर्गाची गादी काढून घेतली नाही. त्याने फक्त तळाला एक रेघ ओढली : याच्या खाली कोणी जायचे नाही. पुढे १८७५ मध्ये मिडलंड रेल्वे या कंपनीने दुसरा वर्गच बंद केला व तिसऱ्या वर्गाचे डबे सुधारले. इतर कंपन्यांनी नाके मुरडली. पण प्रवासी मिडलंडकडे वळू लागल्यावर त्यांनाही हळूहळू त्याच वाटेने जावे लागले. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकत होते, म्हणून त्याची किंमत होती.

१२/
हिंदुस्थानात मात्र हे गिऱ्हाईक कुठे जाणार? मुंबईहून सोलापूरला जायचे तर जीआयपीखेरीज दुसरी गाडी नव्हती. मतदानाचा अधिकार नव्हता, की कोणी प्रतिनिधी पार्लमेंटात उठून प्रश्न विचारील. स्पर्धा नाही आणि राजकीय आवाजही नाही, अशा ठिकाणी द्युपुईचा नियम पूर्ण मोकाट सुटतो. उतारूंच्या उत्पन्नाचा मोठा वाटा तिसरा वर्ग देई. सोयींचा विचार मात्र वरून सुरू होई आणि खाली पोहोचेपर्यंत आटून जाई.

१३/
शौचकूपांचेच उदाहरण घ्या. वरच्या वर्गांत ते आधी आले. खालच्या वर्गासाठी विसावे शतक उजाडावे लागले. तोवर प्रवाशाने स्थानकावर उतरायचे, आडोसा शोधायचा आणि शिटी वाजली की धावायचे. १९०९ साली ओखिलचंद्र सेन या बंगाली प्रवाशाने अहमदपूर स्थानकावर अशीच धावपळ करताना पडून फजिती झाल्याची तक्रार रेल्वे अधिकाऱ्याला लिहिली. मोडक्या इंग्रजीतील ते पत्र आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाचे आकर्षण आहे. लोक ते वाचून हसतात. पण त्या हसण्याखाली लाखो स्त्री-पुरुषांची रोजची कुचंबणा दडलेली आहे.

१४/
येथे आणखी एक प्रतवारी मिसळली होती, आणि तिचा पैशाशी संबंध नव्हता. काही डबे युरोपियनांसाठी राखीव असत. स्थानकांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळे मिळे. आणि ज्यांना कोणत्याच पाणवठ्यावर स्थान नव्हते, त्यांचे काय? १९०१ मधला एक प्रसंग खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत नोंदवला आहे.

१५/
वडील खटाव तालुक्यातील गोरेगावला नोकरीस होते. त्यांना भेटायला लहानगा भीमराव, त्याचा भाऊ व भाचे सातारहून गाडीने निघाले. नवे कपडे, तिकिटे काढलेली, मनात आनंद. मसूर स्थानकावर उतरले. न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला. मुले महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा पालटला आणि तो मागे सरला. बाहेर गाडीवाले होते, पण कोणी बसवून घेईना. अखेर दुप्पट भाडे द्यायचे आणि बैलगाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एक जण तयार झाला.

१६/
हा प्रसंग आपल्या विषयासाठी दुहेरी महत्त्वाचा आहे. डब्यात शिरताना तिकिटाने जात विचारली नाही; पैसे दिले की जागा. पैशाची प्रतवारी निर्दय असली तरी तिची शिडी चढता येते. जन्माच्या प्रतवारीला शिडीच नसते. म्हणूनच तिसऱ्या वर्गाचा तो कोंदट डबा अनेकांच्या दृष्टीने गावाहून मोकळा होता. पण स्थानकाचे फाटक ओलांडताच गाव पुन्हा सुरू होई आणि तेथे दुप्पट पैसे मोजूनही निम्मी सेवा मिळे.

१७/
तिसऱ्या वर्गाचा प्रश्न देशाच्या चव्हाट्यावर आणला तो गांधीजींनी. दक्षिण आफ्रिकेहून १९१५ मध्ये परतल्यावर ते तिसऱ्या वर्गाने देशभर हिंडले. सप्टेंबर १९१७ मध्ये त्यांनी मुंबई ते मद्रास असा मेल गाडीने प्रवास केला. तिकीट १३ रुपये ९ आणे. डब्यावर लिहिले होते : २२ प्रवासी. दोन रात्रींचा प्रवास आणि पाठ टेकायला जागा नाही. पुण्यापर्यंत दांडग्या उतारूंनी इतरांना आत येऊ दिले नाही. रायचूरनंतर मात्र गर्दी असह्य झाली. ही गाडी आपल्याच मुलखातून, पुणे-सोलापूरवरून जात होती.

१८/
त्याच महिन्यात रांचीहून त्यांनी या प्रवासावर लेख लिहिला. त्यातील युक्तिवाद हिशेबी आहे. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटीहून अधिक. मग तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला पहिल्याच्या एक पंचमांश तरी सोय मिळते काय? एक दशांश तरी? भाड्याच्या प्रमाणात सोय, एवढीच मागणी. समतेचे तत्त्वज्ञान बाजूला ठेवून, व्यापाऱ्याच्या वहीतील न्यायच त्यांनी मागितला. आणि त्या न्यायानेही रेल्वे दोषी ठरत होती.

१९/
आता एकदम दुसऱ्या टोकाला जाऊ. १ जून १९३०. जीआयपीने मुंबई-पुणे मार्गावर 'डेक्कन क्वीन' सुरू केली. सात-सात डब्यांचे दोन संच : एक रुपेरी, त्यावर लाल पट्ट्या, दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेषा. सांगाडे इंग्लंडचे, वरचे डबे माटुंग्याच्या कारखान्यात बांधलेले. पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना जाणारे शौकीन हे तिचे पहिले गिऱ्हाईक. आणि वर्ग? फक्त पहिला आणि दुसरा. येथे तिसऱ्या वर्गाला वाईट सेवा देण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला गाडीत प्रवेशच नव्हता.

२०/
या राणीच्या डब्यांवरून स्वातंत्र्याचा परिणाम तारखांनिशी वाचता येतो. १ जानेवारी १९४९ रोजी तिचा पहिला वर्ग बंद झाला आणि दुसऱ्यालाच पहिला म्हणू लागले. जून १९५५ मध्ये तिला प्रथमच तिसऱ्या वर्गाचे डबे लागले. म्हणजे पंचवीस वर्षे जी गाडी सामान्य माणूस केवळ फलाटावरून पाहत होता, तिच्यात तो अखेर चढला. पुढे पुणे-मुंबई रोज ये-जा करणाऱ्या नोकरदारांनीच तिला आपली मानले. तिचे वाढदिवस आज साजरे करतात ते हेच पासधारक.

२१/
एप्रिल १९७४ मध्ये तर भारतीय रेल्वेने 'तिसरा वर्ग' हा शब्दच पुसला. तिसऱ्याचा दुसरा झाला. ब्रिटननेही १९५६ मध्ये असेच केले होते. शब्द बदलल्याने मान वाढला खरा, पण पाठीखालची फळी लाकडाचीच राहिली. रात्रभराच्या प्रवासात शयनयानाच्या त्या उघड्या फळीवर चादर अंथरून कूस बदलत राहणे, हा आपल्या आजी-आजोबांचा सामायिक अनुभव आहे. घरात कोणाला विचारून पाहा.

२२/
ती फळी ज्याने बदलली, त्याचा जन्म अहमदनगरचा, म्हणजे शिरूर कासारच्या शेजारच्या जिल्ह्यातला. प्रा. मधू दंडवते. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते पदार्थविज्ञान शिकवत. हे महाविद्यालय डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे. कोकणातील राजापूर मतदारसंघातून १९७१ पासून सलग पाच वेळा ते लोकसभेवर निवडून गेले. १९७७ मध्ये जनता सरकारात ते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळीवर दोन इंच जाडीची फोमची गादी बसवायचे ठरवले. फक्त दोन इंच.

२३/
२६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा 'गीतांजली एक्सप्रेस' सुरू झाली. नाव रवींद्रनाथांच्या काव्यसंग्रहाचे, आणि रचना वर्गविरहित : सारे डबे दुसऱ्या वर्गाचे. तोवर वेगवान, मोजके थांबे घेणारी गाडी म्हणजे वरच्या वर्गाची मिरास असा समज होता. दंडवत्यांचा विचार असा की पहिल्या वर्गाला खाली ओढण्यापेक्षा दुसऱ्याला वर उचलावे. फोमची गादी पुढे सर्वच गाड्यांच्या शयनयानांत पोहोचली. दंडवते १९७९ मध्ये मंत्रिपदावरून गेले, गादी राहिली. नंतरच्या कोणत्याही सरकारला ती काढण्याची छाती झाली नाही.

२४/
आता द्युपुईची भीती तपासून पाहू. दुसरा वर्ग सुसह्य झाला, म्हणून वरचे वर्ग ओस पडले काय? नाही. पहिला वर्ग चालू राहिला. १९९३ मध्ये वातानुकूलित तीन स्तरांचा शयनयान डबा आला आणि तो रेल्वेच्या सर्वांत लोकप्रिय वर्गांपैकी एक बनला. २०१९ मध्ये वंदे भारत आली. ज्याला गारवा, एकांत, शांतता हवी, तो त्यासाठी आजही अधिक पैसे मोजतो. तळाच्या दैन्याची जाहिरात न करताही वरचे तिकीट खपते, हे त्या दोन इंचांनी सिद्ध केले.

२५/
दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सर्वांना एकच सेवा हे उत्तर दिसते तितके सोपे नाही. सगळे डबे वातानुकूलित केले तर भाडे मजुराच्या आवाक्याबाहेर जाईल. सगळे साधे ठेवले तर जादा पैसे देऊ शकणारा रस्त्याकडे व विमानाकडे वळेल. प्रवासी वाहतुकीतील तूट रेल्वे मुख्यतः मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरून काढते. प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच वसूल होतात, असे मध्यंतरी रेल्वेने तिकिटावरच छापले होते. तेव्हा दर्जे असणे हा गुन्हा नाही. ऐपतवाल्याने जास्त देऊन तळाच्या प्रवासाला हातभार लावणे ही चांगलीच गोष्ट आहे.

२६/
मग कसोटी कोणती? या दीडशे-पावणेदोनशे वर्षांतून तीन प्रश्न हाती लागतात. एक : तळाच्या प्रवाशाला जी गैरसोय होते, ती खर्चामुळे की वरचे तिकीट खपावे म्हणून? दोन : तळाला एखादी रेघ आहे काय, जिच्या खाली पाणी, शौचकूप, बसायला जागा आणि माणुसकीची वागणूक जाऊ शकत नाही? तीन : खालचा प्रवासी उद्या वर चढू शकतो, की त्याचा दर्जा जन्माने किंवा मुलखाने कायमचा ठरला आहे?

२७/
तिसऱ्या प्रश्नातील 'मुलूख' हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण प्रतवारी केवळ डब्यांची नसते. बीड १९४८ पर्यंत निजामी राज्यात होता. पलीकडे इंग्रजी हद्दीतल्या अहमदनगरला दौंड-मनमाड मार्गामुळे १८७८ मध्येच आगगाडी आली. उत्तरेस जालन्याला निजामाच्या गोदावरी खोऱ्यातील रेल्वेने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर स्पर्श केला. मधला शिरूर कासार, पाटोदा, बीडचा पट्टा मात्र दोन्ही रूळांच्या मध्ये कोरडाच राहिला. येथील माणूस तिसऱ्या वर्गाचाही प्रवासी नव्हता. तो फलाटाबाहेरचा होता.

२८/
या कोरडेपणाची किंमत आजही मोजली जाते. दसरा-दिवाळीच्या सुमारास शिरूर कासार व आसपासच्या तालुक्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार, वर लेकरे, शेळ्या, कोयते. आणि पश्चिम महाराष्ट्र किंवा कर्नाटकाची वाट. उघड्या ट्रॉलीतील हा प्रवास पाहिला की द्युपुईचा तो बिनछपराचा डबा आठवतो. फरक इतकाच की येथे भाडे आकारणारी कंपनीही नाही आणि तळाला रेघ ओढणारा १८४४ चा कायदाही नाही.

२९/
अहमदनगर-बीड-परळी हा सुमारे २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला १९९५ च्या सुमारास. आष्टीपर्यंत गाडी आली २३ सप्टेंबर २०२२ रोजी, आणि बीडला २०२५ मध्ये. म्हणजे बोरीबंदरच्या त्या २१ तोफांचा आवाज बीडपर्यंत यायला १७२ वर्षे लागली. आज तेथे एकाच वर्गाची साधी गाडी धावते. उद्या मार्ग परळीला जोडला गेला की लांब पल्ल्याच्या गाड्या येतील, आरक्षण येईल, वातानुकूलित डबे येतील. ते यावेत. त्यांचे स्वागतच आहे.

३०/
पण त्या दिवशी एक गोष्ट पाहायला विसरू नका. गाडी स्थानकात शिरली की आपली नजर साहजिकच चकचकीत डब्यांकडे जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने आधी गाडीच्या टोकाला असलेल्या साध्या, अनारक्षित डब्याकडे जावे. किती डबे आहेत ते मोजावे. नळाला पाणी आहे काय, दार उघडते काय, कोयता बांधलेली गाठोडी घेऊन चढणाऱ्या बाईला बसायला जागा मिळते काय, हे पाहावे. रेल्वेने आपल्या प्रवाशांची प्रतवारी मालासारखी केली की माणसांसारखी, याचे उत्तर त्या डब्यात लिहिलेले असते. १८५३ मध्येही ते तेथेच होते.

(धागा समाप्त. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी तिसऱ्या वर्गाने केलेल्या प्रवासाची आठवण सांगितली असेल, तर अवश्य लिहून ठेवा. तोही इतिहासच आहे.)